सात महिने एकटी उभी असलेली बोट, वर सोलर, आत लिथियम: एक प्रकरण अभ्यास

ही एका ३६ फुटी शिडाच्या बोटीची गोष्ट आहे. मालकाचं नाव, बोटीचं नाव, बंदर काही देत नाही, त्याने फरकही पडत नाही कारण हे कुठेही घडू शकतं. मालक माझ्यापेक्षा मोठे, मी त्यांना दादा म्हणतो, बोटीच्या वायरिंगचं काही असलं की फोन मला येतो. पहिल्या वर्षीचा चुकीचा सल्लाही माझाच होता, म्हणून हे सगळं नीट मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

बोट मूरिंगवर असते, म्हणजे पाण्यातच बोयाला बांधलेली, किनाऱ्याची वीज नाही. वर्षातले साधारण पाच महिने दादा बोटीवर, उरलेले सात महिने बोट एकटी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून २०० एएचच्या (ॲम्पिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन १२ व्होल्टवाल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या पॅरलल लावल्या, दोघींच्या आत आपापला बीएमएस (आतल्या चार सेलवर नजर ठेवून धोका दिसला की बॅटरी तोडणारं सर्किट), ब्लूटूथवाला. मागच्या कमानीवर १७५ वॉटची दोन पॅनल, खाली ३० ॲम्पिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा), शंटवाला (आतबाहेर जाणारा करंट मोजणारा) बॅटरी मॉनिटर. इंजिन स्टार्ट करायला ९० एएचची एजीएम बॅटरी (सीलबंद लेड-ॲसिडच) वेगळी.

आता लक्ष द्या ते बिल्ज पंपाकडे. बोटीच्या तळात जे पाणी साचतं, पावसाचं म्हणा किंवा प्रोपेलरच्या शाफ्टजवळून ठिबकणारं म्हणा, ते बाहेर फेकणारा हा पंप फ्लोट स्विचवर आपोआप चालतो आणि तो थेट लिथियमवर जोडलेला होता. जीपीएस ट्रॅकरही तिथेच, गॅस अलार्म तिथेच, स्टीरिओच्या मेमरीची बारीक लाल वायरसुद्धा तिथेच. पंप चालण्याचं सोडून सगळं मिळून पाव ॲम्पिअर, म्हणजे दिवसाला ६ एएच. चारशे एएचच्या बँकेला हे काहीच नाही असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलं.

निघताना दादांनी फोन केला होता, "अरे, सोलर चालू ठेवू का बंद करू?" मी म्हटलं, "चालूच ठेवा, लिथियमला काही होत नाही, बिल्ज पंपाला वीज तर हवीच." कंट्रोलर जसा कंपनीतून आला तसाच लिथियम सेटिंगवर होता, रोज सकाळी १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज आणि नंतर १३.६ वर फ्लोट, म्हणजे तेवढ्या व्होल्टेजवर धरून ठेवणं.

काय झालं

साडेसहा महिन्यांनी दादा परत आले तर बोटीत अंधार. स्विच दाबला, दिवा नाही. फळी उचलली तर पाणी फळीच्या खालच्या कडेला टेकलेलं, इंजिनच्या पॅनमध्ये तेलकट पाण्याची साय. आणि वर बघावं तर पॅनलवर लख्ख ऊन! ऊन आहे, पॅनल स्वच्छ आहेत, पॅनलच्या वायरवर मीटर लावला तर व्होल्टेज व्यवस्थित, पण कंट्रोलरचा एकही दिवा लागत नाही, मेल्यासारखा. त्यांनी मला व्हिडिओ पाठवला आणि मला पहिल्यांदा वाटलं की कंट्रोलरच जळाला.

नंतर दोन दिवस बसून आम्ही जे जुळवलं ते असं. कॉकपिटवर उन्हासाठी कापडी छत बांधलेलं होतं आणि निघताना ते काढलं नव्हतं. वादळात त्याची एक कडी फाटली, कापड उलटून मागच्या कमानीवर गेलं आणि पॅनल झाकली गेली. त्यानंतर चार्जिंग जवळपास शून्य. त्यात पावसाने पंप जास्त चालला. ६ एएच रोज आणि वर पंपाचं वेगळं, म्हणजे चारशे एएच संपायला दोन महिने पुरले. सेल २.५ व्होल्टपाशी आले तसा बीएमएसने सेल वाचवायला आउटपुट तोडला आणि पंप मेला. पुढे कधीतरी ते कापड अजून फाटून खाली लोंबायला लागलं, दादांना सापडलं तेव्हा त्याचा एक कोपरा पाण्यात भिजत होता, आणि पॅनल पुन्हा उन्हात आली.

पण उपयोग काय, कारण कंट्रोलरला जागं व्हायला आधी बॅटरीचं व्होल्टेज दिसावं लागतं. बरेचसे एमपीपीटी असेच असतात, नुसत्या पॅनलवर उठत नाहीत. बीएमएस झोपलेला, त्यामुळे टर्मिनलवर शून्य व्होल्ट, त्यामुळे कंट्रोलर झोपलेला, आणि कंट्रोलर झोपलेला म्हणून बीएमएसला उठवायला कुणी नाही. दोघं एकमेकांची वाट बघत अडीच महिने बसले आणि वर रोज ऊन पडत होतं. मला या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

कंट्रोलरच्या हिस्टरीत शेवटचे ३० चालू दिवस होते, त्यात आकडा घसरत घसरत शून्याकडे गेलेला स्पष्ट दिसला. आणि ट्रॅकर चौथ्या महिन्याच्या शेवटी गप्प झाला होता. दादांना तेव्हा वाटलं सिमचा रिचार्ज संपला असेल, आल्यावर बघू. खरं तर तो बोटीने केलेला शेवटचा फोन होता.

बॅटऱ्यांचं काय उरलं

बेंच पॉवर सप्लायने टर्मिनलवर चार्जिंगचं व्होल्टेज दिलं तेव्हा पहिल्या बॅटरीचा बीएमएस उठला आणि ॲपमध्ये सेल दिसले, २.७ ते २.९ व्होल्ट. ही वाचली. २ ॲम्पिअरने हळूहळू सगळे सेल ३ व्होल्टच्या वर आणले, मगच करंट वाढवला. नंतर पूर्ण भरून, लोड लावून मोजली तर १९० एएच निघाले.

दुसरी बॅटरी बऱ्याच प्रयत्नांनी उठली तर एक सेल १.६ वर. इथे निर्णय घ्यायचा होता. दादांचं म्हणणं, "चार्ज होतीये ना, मग चालवू या." मी ठाम नाही म्हटलं. सेल इतका खाली जाऊन काही आठवडे तसाच राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागू शकतं आणि परत चार्ज करताना ते भलत्या जागी बसून आतल्या आत शॉर्टचा रस्ता तयार करू शकतं. बाहेरून बॅटरी ठीक दिसते. झोपायच्या बंकखाली ती ठेवायची नाही, यावर मी हटलो नाही. ती बॅटरी रीसायकलला गेली.

आउटपुट तोडल्यावर बीएमएस स्वतः तरी वीज पितोच, हे लोक विसरतात. कट-ऑफच्या वेळी दोनशेच्या बॅटरीत दोनचार एएच शिल्लक असतात, आणि बीएमएसने दोनचार मिलिॲम्पिअर जरी घेतले तरी दोनअडीच महिन्यांत तेवढे संपतात. म्हणजे कट-ऑफ हे संरक्षण आहे पण मुदतीचं, त्या मुदतीत कुणीतरी येऊन चार्ज करायला हवं.

कुठले पर्याय होते

पुढच्या सीझनला एकच लिथियम, १९० एएचची, आणि पुन्हा सात महिने. नवीन दुसरी आत्ता घ्यायची नाही हे लगेच ठरलं, नवी कोरी बॅटरी आणून सात महिने तापलेल्या बोटीत ठेवण्यात काय अर्थ.

दादांना पहिला पर्याय सोपा वाटला, सगळं तसंच ठेवायचं, फक्त व्होल्टेज कमी करायचं. १३.६ फ्लोट म्हणजे चार्जिंग होतच नाही असा एक समज आहे, तो चूक आहे. सेलला ३.४ व्होल्ट दिवसेंदिवस मिळत राहिले की तो भरतोच, फक्त हळू. आणि लिथियमला भरून ठेवलेलं, तेही गरम जागेत, मानवत नाही, बंद केबिनमध्ये आम्ही दुपारी ४१ अंश मोजले होते. तो आकडा १३.२-१३.३ वर आणला तर बॅटरी मधेच कुठेतरी राहते. पण "कुठेतरी"च. या केमिस्ट्रीचा व्होल्टेजचा आलेख इतका सपाट आहे की ०.०५ व्होल्टच्या चुकीत चाळीस टक्के का सत्तर टक्के हे कळत नाही. आणि मूळ प्रश्न तसाच राहतो, पॅनल झाकलं गेलं की पुन्हा तीच साखळी.

दुसरा पर्याय मला आधी फार आवडला होता. शंटवरून रिले (आपोआप चालणारा स्विच) चालवायचा, ४० टक्क्याला सोलर चालू, ६० ला बंद. कागदावर सुंदर आहे. पण शंट बारीक करंट मोजत नाही, ठराविक मर्यादेच्या खालचा करंट शून्य धरतो, आणि बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही तर त्याचा हिशेब कधी जुळवलाच जात नाही. सात महिन्यांत मॉनिटर ५५ दाखवत राहील आणि खरं असेल २०. माणूस बोटीवर असताना हे चालतं, नसताना मला तरी नको वाटलं.

बॅटरी काढून घरी थंड जागेत ठेवणं हा बॅटरीसाठी सगळ्यात चांगला पर्याय. वीसबावीस किलोचं धूड बंकखालून काढून डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत, उतरवायचं, डिंगी हलतीये, दादांची कंबर आधीच दुखरी. तो आम्ही सोडून दिला, कुणाला जमत असेल तर जरूर करा. दर महिन्याला कुणी जाऊन बघावं हेही निघालं, पण कायम भरवशाचा माणूस मिळेना.

शेवटी मी प्रश्नच उलटा केला. आपण इतके दिवस विचारतोय लिथियम नीट कशी राहील. खरं तर विचारायचं हे की माणूस नसताना कुठली वस्तू बंद पडलेली चालणारच नाही? उत्तर एकच, बिल्ज पंप. दुसरा क्रमांक ट्रॅकरचा, तो सांगतो म्हणून. मग या दोघांना कुठल्या बॅटरीवर ठेवायचं? लेड-ॲसिडला कायम भरलेलं राहायला आवडतं, फ्लोटवर ती वर्षानुवर्षं बसते, आणि तिच्यात मधेच फटकन तोडणारा बीएमएस नसतो, ती मरताना हळूहळू मरते आणि व्होल्टेज बघून आधी कळतं. लिथियमचं सगळं उलट, तिला अर्धवट भरून, तोडून, एकटं सोडलेलं आवडतं. दोघींच्या आवडी विरुद्ध आहेत तर दोघींना एकाच दोरीला का बांधायचं?

दादांची शंका रास्त होती, "नव्वदची एजीएम किती वेळ पंप चालवणार?" हिशेब केला. पंप ४ ॲम्पिअर घेतो. एजीएममधले निम्मे वापरायचे म्हटलं तर ४५ एएच, सलग चालला तर ११ तास. लिथियम पूर्ण भरलेली असती तरी ४७ तास. म्हणजे नळी फुटली तर दोन्हीपैकी कुठलीच बोट वाचवत नाही, एक अर्ध्या दिवसात हरते, दुसरी दोन दिवसात. पंपाची बॅटरी ही पावसासाठी आणि ठिबकण्यासाठी असते. गळतीचा उपाय म्हणजे सगळे सीकॉक (बोटीच्या तळाला भोक पाडून नेलेल्या नळ्यांच्या झडपा) बंद करणं. हे त्यांना पटलं आणि ठरलं.

काय केलं

थेट टर्मिनलवरून निघालेल्या सगळ्या वायर शोधल्या. मुख्य स्विच बंद केला तरी चालू राहणाऱ्या चार निघाल्या, त्यातली स्टीरिओवाली तर इंजिनच्या हार्नेसमध्ये लपलेली. पंप आणि ट्रॅकर फ्यूजसकट एजीएमवर नेले, बाकी दोन सोडवून टेप लावून बांधल्या.

एजीएमसाठी ३० वॉटचं वेगळं पॅनल आणि छोटा वेगळा कंट्रोलर. मोठी पॅनल एजीएमवर वळवता आली असती, पण मग कंट्रोलरचं सेटिंग बदलावं लागतं आणि परत आल्यावर ते बदलायला विसरलं तर एजीएमचं सेटिंग, तापमानानुसार व्होल्टेज वरखाली करणारं, लिथियमला लागतं. थंडीत ते व्होल्टेज वर चढवतं, आणि लिथियमला ते नको असतं. दोन सिस्टिम पूर्ण वेगळ्या ठेवल्या की विसरण्याची जागाच राहत नाही. छोटं पॅनल कठड्याला बांधलं, बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) आणि कमान दोघांच्या सावलीपासून लांब. कापडी छत काढून आत ठेवलं, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

मग लिथियम किती टक्क्यांवर सोडायची. सगळीकडे ५० लिहिलेलं असतं. पण आमच्या बॅटरीच्या स्पेक शीटवर बीएमएसचा स्वतःचा वापर ८ मिलिॲम्पिअर होता आणि तो बंद करायचं बटण नव्हतं. दिवसाला ०.१९ एएच, २१० दिवसांचे ४० एएच, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर. त्यात सेलचं आपोआप कमी होणं महिन्याला दोनतीन टक्के धरलं तर अजून १४ ते २१. पन्नासवर सोडली असती तर परत येईपर्यंत आठ ते पंधरा टक्के उरले असते, एखादा महिना लांबला तर पुन्हा तेच. म्हणून ७० च्या आसपास ठरवलं. दादांना वाटलं मी घाबरून जास्त धरतोय. असेल, पण ७० आणि ५० मधला झिजण्याचा फरक लहान आहे आणि रिकामी होण्याचा फरक मोठा.

व्होल्टेज बघून ७० टक्क्यांवर आणता येत नाही, म्हणून आधी १४.२ वर पूर्ण भरली, करंट ४ ॲम्पिअरच्या खाली येईपर्यंत धरली, शंट शंभरवर जुळला, मग फ्रिज आणि दिवे लावून मोजून ६० एएच काढले. यात एक रात्र गेली. सकाळी आधी सोलरचा ब्रेकर पाडला, मग बॅटरी तोडली. क्रम हाच हवा, उलट केलं तर करंट देत असलेल्या कंट्रोलरखालून बॅटरी निघून जाते आणि व्होल्टेजचा झटका जे काही जोडलेलं असेल त्याला बसतो.

ट्रॅकर रोज एजीएमचं व्होल्टेज मेसेजने पाठवणार, १२.२ च्या खाली गेला की अलार्म. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या लिथियमवरच्या ई-१३ स्टँडर्डमध्ये बीएमएसने तोडण्याआधी माणसाला दिवा किंवा आवाजाने इशारा द्यावा असं आहे. ते बोटीवर माणूस असेल तर. रिकाम्या केबिनमध्ये बझर वाजून काय होणार, म्हणून इशारा बोटीबाहेर जाईल हे बघितलं. आणि दादांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, दोन दिवस मेसेज आला नाही तर रिचार्ज नंतर, आधी कुणाला तरी बोटीवर पाठवायचं.

निकाल

सात महिने आणि दहा दिवसांनी दादा परत गेले. बिल्जमध्ये तळ ओला, बस. एजीएम संध्याकाळी १२.७. मधे सलग पाच पावसाळी दिवसांत ती १२.४ पर्यंत उतरली होती, दादांनी रात्री अकराला फोन केला, मी म्हटलं अजून जागा आहे, थांबा, दोन दिवसांत वर आली.

लिथियमचे सेल ३.२६ वर, सगळे जवळजवळ सारखे. पूर्ण भरायला १२५ एएच लागले, म्हणजे ६५ शिल्लक होते. सोडताना १३० होते, गेले ६५, आमच्या हिशेबापेक्षा थोडे कमीच. पन्नासवर सोडली असती तर तीस राहिले असते.

भरताना मात्र एक अडचण आली. १४.० ला पोचताना एक सेल ३.६० वर आणि बाकीचे ३.४६-३.४७ वर. तसंच दामटलं असतं तर त्या एका सेलमुळे बीएमएसने चार्जिंग तोडलं असतं. सात महिने बॅलन्सिंगच, म्हणजे सगळे सेल एका व्होल्टेजवर आणणं, झालं नव्हतं, कारण ते वरच्या टोकाला, साधारण ३.४ च्या पुढेच सुरू होतं. चार्जिंग १३.८ वर आणून दोन दिवस धरून ठेवलं, बॅलन्सरचा करंट अगदी बारीक असतो त्यामुळे वेळ द्यावाच लागतो, मग १४.२ ला चारही एका रांगेत आले.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या वर्षीच्या फोनवर मी "किती दिवस, कशाकशाला वीज लागणार, कुणी येणार का" एवढे तीन प्रश्न विचारायला हवे होते. मी एकही विचारला नाही. त्याच वेळी दोनपैकी एक लिथियम अर्धवट भरून तोडून ठेवली असती तर निदान तेवढी एक तरी निश्चित सुरक्षित राहिली असती, फुकटात.

ट्रॅकर गप्प झाला तेव्हा कुणी आठदहा दिवसांत बोटीवर पोचलं असतं तर दुसरी बॅटरीही वाचली असती असं मला पक्कं वाटतं, कारण नुकसान कट-ऑफच्या दिवशी झालं नाही, नंतरच्या आठवड्यांत झालं.

दुसऱ्या वर्षीच्या व्यवस्थेत मला खटकलेलं म्हणजे इंजिनची स्टार्ट बॅटरीच पंपाला दिली. स्टार्टिंगच्या बॅटरीला खोल उतरणं सोसत नाही, आणि ती गेली तर आल्या दिवशी इंजिनही नाही. आणि परत आल्यावरचा क्रम आम्ही लिहून ठेवला नव्हता. दादा उत्साहात आधी सोलरचा ब्रेकर चढवायला निघाले होते, मी व्हिडिओ कॉलवर होतो म्हणून ओरडलो, आधी बॅटरी, मग सोलर.

या वर्षी पंपासाठी वेगळी डीप सायकल (खोल उतरणं सोसणारी) एजीएम आली आहे, ट्रॅकरचा अलार्म १२.४ वर चढवलाय, आणि ब्रेकरच्या शेजारी दादांच्या अक्षरातली पट्टी चिकटवली आहे: जाताना वरून खाली, येताना खालून वर. वरती लिहिलंय सोलर, खाली बॅटरी.